नागपुरात जुनी कार घेण्याआधी क्लच, ब्रेक आणि सस्पेन्शन कसं तपासायचं?

१ एप्रिल २०१० ला देशातल्या १३ शहरांमध्ये बीएस-४ नियम लागू झाले आणि त्या शहरांत मारुती ८०० विकणं बंद झालं. महाराष्ट्रातून त्या यादीत मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं. नागपूर नव्हतं. त्यामुळे पुण्याच्या शोरूममधून गेलेली ८०० नागपुरात त्यानंतरही विकली जात राहिली. कंपनीने तिचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबवलं. म्हणूनच २०११-१२ च्या 'एमएच ३१' पासिंगच्या ८०० नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही दिसतात. सोबत अल्टो, वॅगनआर, सँट्रो, इंडिका आणि पहिल्या पिढीची स्विफ्ट असतेच.

या गाड्या आता पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर आहेत. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मालक नेमका याच सुमारास विचार करतो की खर्च करून पासिंग करायचं की विकून मोकळं व्हायचं. बरेच जण विकतात. घेणारा बहुतेकदा पहिल्यांदाच कार घेणारा असतो. आई-वडिलांना दवाखान्यात न्यायला, मुलांना शाळेत सोडायला म्हणून साठ-सत्तर हजार किंवा लाखभर जमवलेला. तो रंग बघतो, सीट कव्हर बघतो, एसी लावून बघतो. गाडी थांबवणाऱ्या, रस्त्याला धरून ठेवणाऱ्या आणि इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या तीन गोष्टी मात्र तपासायच्या राहून जातात.

सपाट शहराची अडचण

नागपूर जवळपास सपाट आहे. गाडी चालवायला हे सुखाचं असलं तरी तपासायला अडचणीचं आहे. अर्धी झिजलेली क्लच प्लेट सपाट रस्त्यावर रिकामी गाडी आरामात ओढते. कमजोर ब्रेक चाळीसच्या वेगाने, रिकाम्या गाडीत ठीक वाटतो. तीच गाडी चार माणसं आणि सामान घेऊन रामटेकच्या गडावर किंवा चिखलदऱ्याच्या घाटात गेली की खरं काय ते कळतं, पण तोवर पैसे देऊन झालेले असतात.

त्यामुळे विकणारा म्हणतो म्हणून घरासमोरच्या गल्लीत एक चक्कर मारून समाधान मानू नये. शहरात चढ हवा असेल तर सेमिनरी हिल्सचा रस्ता आहे. तोही लांब पडत असेल तर एखाद्या उड्डाणपुलाचा चढ चालेल, फक्त पुलावर गाडी थांबवून प्रयोग करायचे नाहीत. शक्य असेल तर गाडीत दोन-तीन जण बसवून चक्कर मारावी. वजन पडलं की गाडी खरं बोलते.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी, गाडी थंड असतानाच बघायची. 'मी गाडी काढून गरम करून ठेवतो' असं विकणारा म्हणाला तर प्रेमाने नाही म्हणावं. पोहोचल्यावर बोनेटला हात लावून बघावा. चक्कर मारताना म्युझिक सिस्टीम, एसी आणि पंखा बंद, काचा खाली. गाणी मोठ्याने लावून गाडी दाखवणारे काहीतरी लपवतच असतात असं नाही, पण अर्धी तपासणी कानाने होते.

क्लच: पायाला काय जाणवतं

क्लचचं काम दोन ओळींचं आहे. इंजिनच्या मागे फिरणाऱ्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, एक घर्षणाची प्लेट दाबून धरायची, म्हणजे ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबलं की ती प्लेट मोकळी होते. दाबणाऱ्या भागाला प्रेशर प्लेट म्हणतात आणि पेडलची ढकल तिच्यापर्यंत नेणारं बेअरिंग म्हणजे रिलीज बेअरिंग. नागपूरचे मिस्त्री या तिघांना मिळून 'क्लच सेट' म्हणतात आणि बदलताना शक्यतो पूर्ण सेटच बदलतात. कारण त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. ती मजुरी दोनदा द्यायला कोणालाच परवडत नाही.

प्लेट झिजली की घसरायला लागते. मिस्त्रीच्या भाषेत, 'गाडी स्लिप मारून राहिली भाऊ.' इंजिनचा आवाज चढतो, वेग चढत नाही. तपासायचं असं: मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये, साधारण चाळीसच्या वेगाला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. क्लच चांगला असेल तर आवाज आणि वेग सोबत, हळूहळू वाढतात. ८०० सारख्या गाडीत आरपीएमचा काटा नसतो, तिथे कान हाच काटा. आवाज एकदम उसळला आणि गाडी होती तशीच राहिली, तर प्लेट संपत आली आहे. चढावर हे जास्त स्पष्ट दिसतं.

गाडी उभी असताना करायची एक जुनी परीक्षाही आहे. समोर मोकळी जागा ठेवून हँडब्रेक पूर्ण ओढायचा, उजवा पाय ब्रेकवर ठेवायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच सावकाश सोडायचा. इंजिन धडपडून बंद पडलं पाहिजे. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन मजेत चालू राहिलं, तर प्लेट धरत नाही. ही परीक्षा एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केली तर तपासताना प्लेटच जळायची.

विकणाऱ्याची खरी चलाखी केबलमध्ये असते. जुन्या छोट्या गाड्यांचा क्लच बहुतेक केबलवर चालतो आणि केबलला सेटिंगचा नट असतो. प्लेट झिजत गेली की पेडल खूप वर आल्यावर क्लच धरायला लागतो. गाडी दाखवण्याच्या आदल्या दिवशी केबल सेट करून घेतली की हा बिंदू पुन्हा खाली येतो आणि पेडल नव्यासारखं वाटतं. म्हणून पेडलच्या उंचीवर एकट्या विश्वास ठेवू नये. वरच्या घसरण्याच्या परीक्षा केबल सेट करून फसत नाहीत. बोनेटखाली सेटिंगच्या नटाकडे एकदा बघावं. बोल्टचे आटे जवळपास संपले असतील तर केबल बऱ्याचदा ताणून झाली आहे.

उलटा आजारही असतो: पेडल पूर्ण दाबूनही प्लेट सुटत नाही. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबायचा, तीन-चार सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. थांबल्यावरही 'कर्रर्र' आवाज आला तर क्लच नीट सुटत नाही. लगेच टाकला आणि एकदाच कुरकुरला, तर त्यात विशेष नाही, कारण आतला शाफ्ट थांबायला क्षणभर वेळ लागतो आणि बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतो.

आवाजाचं कोडं इथे सर्वात सोपं आहे. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवायची. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल आणि सोडल्यावर जात असेल, तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडल्यावर घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. पहिलं क्लच सेटसोबत बदललं जातं. दुसऱ्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागतो आणि तो खर्च वेगळाच असतो. आवाज तोच, पण बिलात मोठा फरक.

गाडी उचलताना थरथरत असेल तर लगेच क्लचला दोष देऊ नये. प्लेटवर इंजिन ऑइल झिरपलं असेल किंवा फ्लायव्हील तापून काळं-निळं पडलं असेल तरी थरथर येते, पण इंजिनचं माउंटिंग फाटलं असेल तरीही अगदी तशीच येते. बोनेट उघडून, एकाने बाजूला उभं राहून (समोर कधीच नाही) बघायचं आणि दुसऱ्याने ब्रेक दाबून ठेवून पहिल्यात, मग रिव्हर्समध्ये क्लच किंचित सोडायचा. इंजिन उडी मारल्यासारखं पुढे-मागे डोलत असेल तर आधी माउंटिंग बदलावं. रबराचा तो तुकडा क्लच सेटपेक्षा खूप स्वस्त आहे.

ब्रेक: इथे घासाघीस नाही

क्लच गेला तर गाडी रस्त्यात बंद पडते, फार तर टोइंगचा खर्च येतो. ब्रेक गेला तर काय होतं हे सांगायची गरज नाही. म्हणून ब्रेकची तपासणी गाडी रस्त्यावर नेण्याआधी, उभ्या गाडीतच सुरू करायची.

इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल चार-पाचदा दाबायचं. ते कडक होत जातं. आता पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करायचं. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं, तर बूस्टर काम करतो आहे. दगडासारखं कडकच राहिलं, तर बूस्टर किंवा त्याच्या व्हॅक्युम पाइपमध्ये दोष आहे आणि गाडी थांबवायला दुप्पट जोर लागणार. काही अगदी जुन्या किंवा साध्या मॉडेलमध्ये बूस्टर नसतोच, ते आधी विचारून घ्यावं.

मग इंजिन चालू असताना पेडल मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट तसंच धरायचं. पेडल एका जागी थांबलं पाहिजे. हळूहळू, लिफ्ट उतरावी तसं खाली जात राहिलं, तर कुठेतरी ऑइल गळतं आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतले रबर गेले आहेत. दुसऱ्या प्रकारात बाहेर एक थेंबही दिसत नाही, म्हणून ते जास्त फसवं असतं. पेडल स्पंजासारखं मऊ लागलं आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर आलं, तर लाइनमध्ये हवा असेल किंवा मागच्या ब्रेक शूचं सेटिंग सैल झालं असेल.

यातलं काहीही आढळलं तर ती गाडी चक्कर मारायलाही नेऊ नये. किंमत पटली, व्यवहार ठरला, तरी ती टोइंगवर गॅरेजला जावी. 'एवढं अंतर तर येईल' हे वाक्य ब्रेकच्या बाबतीत नको.

आता बोनेटखालचा ब्रेक ऑइलचा छोटा डबा. ताजं ऑइल फिकट मधासारखं दिसतं, जुनं झालेलं कोऱ्या चहासारखं काळपट. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्यासाठी हीच किमान मर्यादा १४० अंश आहे. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की डिस्क प्रचंड तापते, तिची उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत पोहोचते आणि ओलं ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल थेट तळाला जातं. घाट चढताना जो गिअर लागला त्याच गिअरमध्ये उतरावं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम याच कारणासाठी आहे. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावं असं मानलं जातं. पंधरा वर्षांच्या गाडीत ते कधी बदललं होतं, हे विकणाऱ्याला विचारावं. 'त्यात फक्त टॉप-अप करतो' असं उत्तर मिळालं तर पाचशे-हजारांचं एक काम तिथेच लिहून घ्यावं.

टॉप-अपचा दुसराही धोका आहे. पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात आणि डब्यातली पातळी आपोआप उतरते. म्हणजे खाली गेलेली पातळी हा झिजलेल्या पॅडचा निरोप असतो. कोणी वरून ऑइल ओतून ती 'मॅक्स'पर्यंत आणली की निरोप पुसला जातो. पातळी भरलेली आणि ऑइल काळपट, असं दिसलं तर चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पॅडची जाडी बघावी.

नागपूरच्या उन्हाबद्दलही एक गैरसमज आहे. २३ मे २०१३ ला शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, पण एवढ्याने ब्रेक ऑइल उकळत नाही. ऊन मारतं ते रबराला. ब्रेकचे होज पाइप, कॅलिपरचे सील, सस्पेन्शनचे बुश वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यात कडक होतात आणि तडकतात. होज पाइपचा एक आजार तर ओळखायला फार चकवतो. पाइप आतून फुगून बारीक होतो. पाय दाबला की जोराने ऑइल पलीकडे जातं, पाय काढल्यावर परत येत नाही. ब्रेक लागलेलाच राहतो. मालक म्हणतो 'पिकअप कमी झालाय, अ‍ॅव्हरेज देत नाही', आणि खर्च इंजिनवर करून बसतो. दहा-पंधरा मिनिटं चालवून, शेवटी फार ब्रेक न मारता गाडी थांबवायची आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्यायचा, टेकवायचा नाही. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये.

रस्त्यावर काय बघायचं? रिकामा सरळ रस्ता, आरशात मागे कोणी नाही याची खात्री, चाळीसचा वेग, स्टिअरिंगवर हात हलके, आणि दमदार ब्रेक. गाडी एका बाजूला ओढली तर त्या बाजूचा ब्रेक जास्त धरतोय किंवा दुसऱ्या बाजूचा धरतच नाहीये. आधी टायरमधली हवा तपासावी, कित्येकदा तेवढंच निघतं. ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क असमान झिजली आहे. ब्रेक न दाबताही सत्तर-ऐंशीला थरथर येत असेल तर बहुधा व्हील बॅलन्सिंग, ब्रेकचा संबंध नाही. चिरका आवाज म्हणजे पॅड संपत आले असावेत. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज म्हणजे संपले. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर पातळ गंज चढतो आणि पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतात, ते मनावर घेऊ नये.

मागच्या चाकांना या गाड्यांत ड्रम असतात आणि ते कोणी उघडत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या भिंतीवर ओलसर ओघळ दिसला तर व्हील सिलिंडर गळतोय. हँडब्रेक सपाट जागी सगळेच पास करतात. चढावर गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, पाय ब्रेकच्या वर तयार ठेवून बघावं. अनेक जण गाडी गिअरमध्ये टाकून उभी करतात आणि हँडब्रेकला वर्षानुवर्षं हात लावत नाहीत, मग केबल गंजून अडकते.

एबीएस असलेल्या थोड्या नव्या गाडीत किल्ली फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा लागून विझला पाहिजे. लागलेला राहणं वाईट, पण कधी लागलाच नाही तर आणखी वाईट. कोणीतरी बल्ब काढलेला असू शकतो.

सस्पेन्शन: सिमेंट रोड आणि गट्टू

सस्पेन्शनच्या तपासणीसाठी नागपूरसारखं शहर नाही. सिमेंट रोडचे सांधे ठरावीक अंतराने येतात, रोड आणि कडेच्या गट्टूंमध्ये उंचीचा फरक असतो, आणि गल्लोगल्ली गतिरोधक आहेत. पंचवीस-तीसच्या वेगाने, काचा उघड्या ठेवून सिमेंट रोडवरून गेलं की प्रत्येक सांध्याला पुढून 'टक-टक' येतं का ते ऐकावं. बारीक खडखड, छोट्या खड्ड्यांवर जास्त आणि मोठ्यावर कमी, हे लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझर बुशचं लक्षण. मोठ्या गतिरोधकावरून उतरताना 'धप्प' आवाज येत असेल तर शॉकअप किंवा त्याच्या वरचं माउंटिंग. ब्रेक मारताना किंवा सोडताना एकदाच 'ठक' होत असेल तर लोअर आर्मचे बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कुरकुर किंवा स्प्रिंग उसळल्यासारखा आवाज आला तर स्ट्रटचं माउंटिंग किंवा बॉल जॉइंट. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवली की 'कट-कट-कट' येतं, तो सस्पेन्शनचा आवाजच नाही, तो ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा आहे. मिस्त्री म्हणतात 'एक्सल वाजतोय.'

गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडायची परीक्षा सगळ्यांना माहीत असते. एकदा वर येऊन शांत झाली तर शॉकअप ठीक, दोन-तीनदा डोलली तर गेलेला. यात अर्धंच सत्य आहे. डोलली तर शॉकअप नक्की गेला, पण डोलली नाही म्हणून तो चांगलाच असं नाही. आतून अडकलेला शॉकअपही गाडी डोलू देत नाही. त्यामुळे शॉकअपच्या नळीवर ऑइलचा ओलसर, धूळ चिकटलेला थर आहे का ते बघावं आणि टायरवरून हात फिरवावा. टायरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी खळगे जाणवले तर चाक रस्त्यावर उड्या मारत आलं आहे. टायरची फक्त आतली कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, आणि नुसतं अलाइनमेंट करून भागणार नाही. बुश किंवा बॉल जॉइंट सैल असताना केलेलं अलाइनमेंट फार टिकत नाही.

टायर नवेकोरे असतील तर आनंदाच्या आधी शंका यावी, कारण हा पुरावा गेलेला असतो. टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते, '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचा कडक झालेला टायर चांगल्या ब्रेकलाही बदनाम करतो.

सपाट जागी उभं राहून समोरून गाडीकडे बघावं. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजावं. स्पष्ट फरक असेल तर स्प्रिंग तुटलेली किंवा बसलेली आहे. ओम्नी, सुमो, बोलेरोसारख्या गाड्यांना मागे पाटे असतात, तिथे तडकलेलं पान शोधावं.

जॅकवर चाक उचलता आलं तर आणखी दोन मिनिटांचं काम. गाडीखाली कोणी जायचं नाही. घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून चाक हलवायचं, मग तीन आणि नऊच्या जागी. तीन-नऊला खेळ असेल तर टाय रॉड एंड, बारा-सहाला असेल तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. या दोघांत निवडायचं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर खेळ गायब झाला तर बेअरिंग. व्हील बेअरिंगची घूंऽऽ सिमेंट रोडवर टायरच्या आवाजात बुडून जाते, त्यासाठी डांबरी रस्ता शोधावा. साठच्या वेगाला किंचित डावीकडे वळताना घूं वाढली तर उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढली तर डावं.

समृद्धी महामार्गावर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. शहरात पन्नासच्या वेगाने कळत नसलेला सैल बॉल जॉइंट तिथे तासन्‌तास त्या वेगाला फिरणार असतो. गाडी मुंबई-पुण्याकडे जाण्यासाठी घेतली जात असेल तर सस्पेन्शनच्या यादीत 'नंतर बघू' असं काही ठेवू नये.

पुरात बुडालेली गाडी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या कित्येक दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आल्या. त्यात गैर काही नाही, फक्त घेणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

पाण्यात राहिलेल्या गाडीत या तिन्ही यंत्रणा एकदम आजारी पडतात. बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं, ड्रममध्ये गाळ बसतो, हँडब्रेकची केबल गंजते, रिलीज बेअरिंग किंचाळू लागतं. म्हणजे तिन्हीकडे थोडी-थोडी तक्रार आणि मीटरवर कमी किलोमीटर, अशी गाडी दिसली की पूर आठवावा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, वरून स्वच्छ असला तरी आतल्या भागात मातीची रेषा राहते. स्टेपनी काढून खालचा खळगा बघावा. कार्पेटखाली नाक न्यावं. विम्याच्या जुन्या पॉलिसी मागाव्यात. नो क्लेम बोनस चांगला चालला होता आणि २०२३ नंतरच्या नूतनीकरणात शून्यावर आला असेल तर क्लेम झालेला आहे, तो कशाचा ते विचारावं.

एका लक्षणावर निकाल नको

३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने नंतर सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. शेजारच्या केंद्रांचे आकडे सोबत पाहिले असते तर शंका लगेच आली असती. गाडीचंही असंच असतं. ब्रेक मारल्यावर गाडी ओढते म्हणून कॅलिपर बदलावं, तर दोष निघतो लोअर आर्मच्या बुशमध्ये. 'पिकअप नाही' याचा अर्थ क्लच घसरणं असू शकतो आणि ब्रेक अडकणंही. पहिल्यात इंजिनचा आवाज चढतो, दुसऱ्यात चाक तापतं. दोन वेगळ्या परीक्षा एकच बोट दाखवतील तेव्हाच खर्चाचा आकडा काढावा.

मीटरच्या आकड्यालाही साक्षीदार असतो: पेडलचे रबर. मीटरवर पंचेचाळीस हजार आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, कडेने झिजलेलं, तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय. रबर कोरं करकरीत असेल तर ते का बदललं हेही विचारता येतं.

किती सोडायचं, कुठे उठायचं

क्लच सेट, शॉकअप, बुश, लिंक रॉड, पॅड, शू ही झिजणारीच वस्तू आहे. पंधरा वर्षांच्या गाडीत यातलं काही ना काही निघणारच. गॅरेजमधून अंदाज लिहून घ्यावा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी मागावेत. लेखी आकडा पुढे ठेवला की बोलणं लवकर संपतं.

काही गोष्टी मात्र किंमत कमी करूनही घ्यायच्या नाहीत. बोनेट उघडल्यावर शॉकअपचा वरचा भाग ज्या पत्र्याला बसतो, त्याला बाजारात अ‍ॅप्रन म्हणतात. तिथे नवं वेल्डिंग, वेडावाकडा सीलंट किंवा सुरकुती दिसली तर गाडी जोरात धडकलेली आहे. तिचं अलाइनमेंट कधीच नीट बसत नाही आणि ती कायम एका बाजूला टायर खाते. लोअर आर्म जिथे बसतो तिथली चौकट गंजलेली असेल तरी तेच. नागपूरच्या कोरड्या हवेत वाढलेल्या गाडीत असा गंज कमी दिसतो, मुंबई किंवा कोकणातून आलेल्या गाडीत जास्त. खालून नुकताच काळा कोट मारलेला असेल तर तो स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून बघावा. पत्रा खणखणीत वाजला पाहिजे, थबथबीत नाही.

व्यवहार झालाच, तर गाडी पहिल्या दिवशी गॅरेजला न्यावी. ब्रेक ऑइल चारही चाकांतून बदलून हवा काढायची, मागचे ड्रम उघडून साफ करायचे, चारही होज पाइप वाकवून तडे बघायचे. या कामांना एक दिवस पुरतो. नोंदणीची पंधरा वर्षं संपायला आली असतील तर हीच कामं पुढच्या पासिंगलाही लागतात, कारण नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते आणि तिथे ब्रेक बघितला जातो. गाडी शहरची असेल तर एमएच ३१, पूर्व नागपूरची असेल तर एमएच ४९ आणि ग्रामीणची असेल तर एमएच ४०. आरसीवरची मुदतीची तारीख टोकन देण्याआधी वाचावी. तारखेला सहा महिने उरले असतील तर त्या पासिंगचा खर्च कोण करणार, हे त्याच बैठकीत लिहून घेतलेलं बरं.